नर्सबाई काय म्हणाली

याडी,

परवा नात आली होती. शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवलाय म्हणून यवतमाळच्या एका दुकानातून भाड्याने कपडे आणले होते तिने. पिशवीतून एकेक काढून माझ्या पलंगावर मांडत होती. आरशांचा घेरदार फेटिया, कवड्या लावलेली कांचळी, ओढणी, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या प्लास्टिकच्या बांगड्यांचा चूडो, रबरात ओवलेला. "आजी, हा कोपराच्या वर घालायचा की खाली?" वर, म्हटलं. कोपराच्या वर, पार खांद्याजवळपर्यंत. तिने तो सर्रकन चढवला, आरशात बघितलं, हात उडवून दोन गिरक्या घेतल्या आणि तितक्याच सर्रकन उतरवून पलंगावर फेकला. "बाप रे, टोचतो किती! तुझी आई खरंच रोज घालायची?" रोज. "झोपताना पण?" झोपताना पण. "मग काढायची कधी?" मी म्हटलं, चहा ठेवते, आणि उठले. चहा कुणालाच नको होता.

त्या प्रश्नाचं उत्तर तिला नाही, तुला द्यायचं आहे. साठ वर्षं होत आली. नेरच्या दवाखान्यात नर्सबाई काय म्हणाली, ते मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं होतं. तू गेलीस त्यालाही किती उन्हाळे झाले. एवढ्या काळात सांगायला सवड मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण आपण दोघी एकाच चुलीपुढे वर्षानुवर्षं बसलो. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना 'खरे बोलावे' हे सुंदर अक्षरात फळ्यावर लिहून दिलं मी. फळ्यावर लिहायला काय जातं!

हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आपली बोली मी तुझ्याशी बोलले, भांडले, पण लिहायला काही शिकले नाही. आणि आता घरात बोलायलाही कुणी उरलं नाही. नात मला विचारते, याडी म्हणजे काय गं? आई, म्हणून सांगते. ती म्हणते, मग आईच म्हण ना. तिचं काही चुकत नाही. तुझा बाप बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरायचा आणि तुझा जन्म कुठल्या मुक्कामावर झाला हे तुलाही सांगता यायचं नाही. माझ्या बापाकडे बैलगाडी आली, पण तो गाडी घेऊन कितीही लांब गेला तरी परत त्याच तांड्यात, त्याच दाराशी यायचा. मला पगार मिळाला, बदल्या मिळाल्या. नातीला स्कूटी मिळाली आहे आणि ती नेरचा तांडा गुगलवर बघते. प्रत्येकीने आपापल्या आईचं काहीतरी उतरवून ठेवलंच. पण उतरवून ठेवणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं.

लहानपणी तू घरात कुठे आहेस हे मला बघावं लागत नसे. मनगटापासून कोपरापर्यंत बलिया, कोपराच्या वर चूडो, आणि तू हात हलवलास की ते सगळं एकमेकांवर आपटायचं. ज्वारीची बाटी थापताना एक आवाज, दळताना दुसरा, आणि माझ्या पाठीत धपाटा घालायचा असला की तिसरा. तो आधी ऐकू यायचा, म्हणून मी पुष्कळदा वाचले. चूडो हस्तिदंताचा आहे असं तू सांगायचीस. हाडाचाच असणार, पण बायकोला हस्तिदंत सांगायचा आणि बायकोने तो मानायचा ही तांड्याची रीतच होती. लग्नात चढलेला तो चूडो उतरतो एकदाच, नवरा गेला की. तेव्हा तांड्यातल्या बायका जमतात आणि तो काढतात. खालच्या बलिया राहतात, वरचा दंड उघडा पडतो. लांबून येणाऱ्या बाईचा दंड बघितला की तिचं काय झालंय ते आपल्या माणसांना विचारावं लागत नाही.

बाने मला शाळेत घातलं ते काही विद्येच्या ओढीने नाही. एकदा तो नेरहून यवतमाळला जायला मोटारीत बसला आणि अमरावतीला उतरला. घरी येऊन म्हणाला, "पाटी वाचाले घरात एक तरी माणूस पाह्यजे." भाऊ नव्हताच, म्हणून माणूस मी. शाळा शेजारच्या गावात, कोरांच्या वस्तीत. आपण तांड्यातले ते गोर, आणि जे गोर नाहीत ते सगळे कोर, असा आपला सरळ हिशेब. तिथे मी वर्षभरात त्यांच्यासारखी मराठी बोलायला लागले आणि दुसऱ्या वर्षी तुझी लाज वाटायला लागली. दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर शिकले म्हण.

तुला पंधरा ऑगस्ट आठवतो? मी चौथीत होते. मला कविता म्हणायची होती आणि तू सांगितल्याशिवाय आलीस, नवा फेटिया घालून, सगळे दागिने चढवून. तू फाटकापाशी असतानाच पोरांना आवाज गेला. एकजण ओरडला, "बैलगाडी आली रे, बाजूले व्हा!" सगळी पोरं हसली. मीही हसले. गुरुजींच्या बायकोने मला विचारलं, "कोण वं हे? तुह्या ओळखीची हाय काय?" मी म्हटलं, "आमच्या तांड्यातली हाय." तू चार पावलांवर उभी होतीस. बाजारापुरती मराठी तुला यायचीच; मिरचीच्या भावात तुझ्यापुढे दुकानदार हात टेकायचे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. फडक्यात बांधून आणलेली गूळ-बाटी तू गुरुजींच्या बायकोच्या हातात दिलीस आणि तोडक्या मराठीत म्हणालीस, "त्या पोरीले द्या. तांड्यातली हाय." आणि कविता न ऐकता गेलीस. घरी आल्यावर ना रागावलीस, ना काही बोललीस. मला वाटलं, सुटले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, ह्या बांगड्या नसत्या तर. तू मला हवीच होतीस. फक्त तुझा आवाज नको होता.

आणि मग तो हिवाळा. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत तू खोकलत होतीस आणि खोकलत वेचत होतीस. बा कापसाच्या गाड्यांबरोबर धामणगावला गेला होता, जिनिंगवर गाड्यांची रांग लागली की चार-पाच दिवस मोडायचेच. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला ताप चढला, बोलताना धाप लागायला लागली. तांड्याच्या नायकाच्या म्हाताऱ्या डोकरीने पाला उकळून दिला, अंगारा लावला, आणि तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, दवाखान्यात चल. मी बारा वर्षांची. तू नाही नाही म्हणत माझ्या खांद्यावर हात टाकून दीड कोस चाललीस. वाटेत दोनदा बसलीस. दुसऱ्यांदा बसलीस तेव्हा म्हणालीस, "थ्या लोकांशी तूच बोल. माह्या तोंडातून त्यायची बोली निघत नाही." मी म्हटलं, बोलते.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं, सात दिवस रोज एक इंजेक्शन लिहून दिलं आणि नर्सबाईकडे पाठवलं. ती बाई पुण्याकडची असावी. गोरी, पांढरं लुगडं, बोलणं भरभर पण मायेचं. तुझा दंड बघून ती चुकचुकली. "अगं, इथे तर सुई टोचायला जागाच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असू दे. कमरेला देऊ. पडदा लावते मी. आईला सांग, घागऱ्याची नाडी जरा सैल कर म्हणावं." हे तिचे शब्द. मी ते गेली साठ वर्षं पाठ म्हणते आहे, त्यात कानामात्रेचा फरक नाही.

तू बाकावर बसली होतीस, घामाने ओढणी कपाळाला चिकटलेली. तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस. "कांयी कच?" काय म्हणते?

मी आपल्या बोलीत सांगितलं, बाई म्हणते, चूडो कापावा लागेल.

असं बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघालं ते घसरून निघालं असंही मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर मला परत फिरायला तीनदा वाट होती. तू विचारलंस, "कापल्याशिवाय नाहीच काय होत? बाहेर काढून, तेल लावून?" मी म्हटलं, नाही होत. तू चूडोवरून हात फिरवलास. नर्सबाईला काहीतरी खटकलं. ती म्हणाली, "काय झालं? घाबरली का? सुई छोटीच आहे म्हणावं." तेव्हा मी तिला मराठीत सांगितलं, "आई म्हणते, बांगड्या कापून टाका. दंडालाच द्या." बघ, दोन्हीकडून खोटं, आणि दोघींच्या मध्ये मी एकटी. नर्सबाईने हातातली सुई खाली ठेवली. "अगं पण तुमच्यात हे सौभाग्याचं असतं ना? नीट विचार तिला." मी तुझ्याकडे वळले आणि विचारलं, याडी, तुला पाणी पाहिजे का? तू मान हलवलीस, हो. मी नर्सबाईला म्हटलं, विचारलं, हो म्हणते.

कंपाउंडरने प्लास्टर कापायची करवत आणली. त्याचा हात हलका होता, कातडीला ओरखडा येऊ दिला नाही त्याने. एकेक बांगडी कापून तो पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकत होता आणि तू डोळे मिटून होतीस. उजवा दंड झाला तेव्हा तो थांबला, एका हाताचं काम झालं होतं. मला वाटलं, आता एक तरी राहील. पण तू डावा हात आपणहून पुढे केलास. म्हणालीस, "अर्धा चूडो घालून कुठी जाऊ?" हे मी नर्सबाईला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, हात पुढे आला होता. उघड्या दंडाची कातडी एवढी गोरी निघाली की मला तो हात तुझा वाटेना. तुकडे तू ओढणीच्या टोकात बांधून घेतलेस. इंजेक्शन दंडाला दिलं. दुखलं का म्हणून विचारलं तर म्हणालीस, कळलं नाही.

पुढचं तर आपल्याच माणसांत होऊ शकतं. आपण तांड्यात पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. नायकाची डोकरी पाणी घेऊन येत होती. तिने तुझे दंड बघितले, डोक्यावरची घागर तशीच खाली टाकली आणि तुझ्या गळ्यात पडून सूर धरला. तिचा सूर ऐकून दुसरी आली, तिसरी आली, वेचणीवरून आलेल्या बायका ओटीतला कापूस न सोडता आल्या. आपल्यात आधी रडायचं आणि मग विचारायचं. गळ्यात पडलेल्या बाईला 'का गं रडतेस' म्हणणं म्हणजे तिचा अपमान. तू मानलंस की नायकाच्या घरातलं कुणीतरी गेलं, आणि तूही सूर धरलास. अंगात ताप, तरी तू माणुसकीला उणी पडली नाहीस. चांगला अर्धा तास तू डोकरीला पोटाशी धरून, डोलत, पाठीवरून हात फिरवत रडलीस. स्वतःच्या जित्या नवऱ्यासाठी.

मी बाजूला उभी होते. मला सगळं कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. मग डोकरीने सुरातच बाच्या बैलांचं नाव घेतलं, रिकाम्या गाडीचं गाणं केलं, आणि तू एकदम थांबलीस. "कोणाची गाडी? कोणाबद्दल रडून राह्यली तू?" डोकरी म्हणाली, तुह्या घरधन्याबद्दल. "कोणं सांगितलं तुले?" डोकरीने तुझा दंड धरून वर केला. "ह्या हातानं सांगितलं."

मग तू दवाखान्याचं सांगितलंस. वाटलं होतं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. डोकरी हळूच म्हणाली, नवरा जिता असताना चूडो उतरला आणि त्याच्या नावानं रडणंही झालं, आता हे चांगलं नाही. एकेकजण उठून गेली. पडलेली घागर मी उचलली, तिला पोचा आला होता. त्यानंतरचे तीन दिवस मी तुझ्याबरोबर रोज इंजेक्शनला आले आणि उरलेला वेळ नेरच्या वाटेवर उभी राहिले. गाडी दिसली की बैलांची शिंगं बघायची. आपल्या एका बैलाचं डावं शिंग तुटकं होतं. याडी, मी तेव्हा कुठल्या देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. मी बाला मारलं आहे ह्याबद्दल मला शंकाच नव्हती. तू मात्र तापातही चूल सारवलीस, त्याच्या वाट्याची बाटी रोज केलीस आणि संध्याकाळी ती बैलाला, म्हणजे घरी राहिलेल्या म्हाताऱ्या बैलाला, घातलीस.

चौथ्या दिवशी तुटकं शिंग दिसलं. बा गाडीवर उभा राहून विडी ओढत होता. मी धावत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारली तर तो म्हणाला, "अवं, पडशीन ना, चाकाखाली येशीन!" तांड्यात शिरल्यावर बायका दारादारात उभ्या राहून त्याच्याकडे बघायला लागल्या तेव्हा तो चपापला. "काय झालं बाप्पा? माह्या मागं वाघ हाय काय?" मग त्याला तू दिसलीस, तुझे दंड दिसले. विडी टाकून तो गाडीवरून उतरला. "कोणं कापला?"

आणि तू म्हणालीस, डाक्टरांनी. कापल्याशिवाय सुई देता येत नव्हती. पोरगी होती म्हणून, तिनं सगळं त्यांच्या बोलीत बोलून घेतलं, नाहीतर मी आज नसते. तू हे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. बाने माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, डोकरीकडे वळला आणि म्हणाला, "मी उभा हाय ना तुमच्यासमोर? मंग तिचा हात कायले पाह्यता, मले पाहा!" आता हसले सगळे. मीही. पंधरा ऑगस्टला हसले होते तशीच.

तिथेच सांगून टाकलं असतं तर एक थप्पड बसली असती आणि संपलं असतं. पण तुझा हात डोक्यावर होता आणि तू मला एवढी मोठी केली होतीस की खाली उतरवेना. पुढे तू ती गोष्ट सांगतच राहिलीस. लग्नाकार्यात, बाजारात, पाणवठ्यावर. गोष्टीत डॉक्टरची नर्सबाई झाली, नर्सबाईची गोरी मडम झाली, आणि मी तिच्याशी घडाघडा बोलणारी झाले. जून लागला तेव्हा तू तांड्यातल्या तीन घरांत जाऊन भांडलीस. "बाहेरच्याशी बोलाले आपलं माणूस पाह्यजे. उद्या तुम्ही पडल्या तर कोण बोलन तुमच्यासाठी, बकरी?" तिन्ही पोरींना तू स्वतः शाळेत पोचवलंस. त्यातली एक नर्स झाली, बघ. मागे लग्नात भेटली तर मला म्हणाली, ताई, तुमच्यामुळे. मी तिला बुंदी वाढली.

आणि तुझं काय झालं ते मला तेवढं कुणी विचारलं नाही. पहिले आठ-पंधरा दिवस तुझ्या हातून वस्तू सांडत होत्या. एवढ्या वर्षांचं वजन अचानक गेलं होतं. तू तांब्या उचलायचीस तो हवा त्यापेक्षा वर जायचा आणि पाणी अंगावर यायचं. तू हसायचीस, म्हणायचीस, हात उडून जातील माझे. दंड खाजवताना तुला इतकं बरं वाटायचं की लाजून आत जायचीस. बाने चूडो नवा करायचं पुष्कळ मनावर घेतलं, पण तो करणारा म्हातारा यायचा बंद झाला होता. नेरच्या बाजारात प्लास्टिकचा पांढरा आला होता. तू तो हातात घेऊन बघितलास आणि परत ठेवलास. "हा तर पाण्यावर तरंगन." त्यानंतर ओढणीने दंड झाकून घ्यायचीस. हळूहळू खालच्या बलियाही कमी झाल्या, आणि मी यवतमाळला ट्रेनिंगला निघाले तेव्हा तू मला मोटारीत बसवायला लुगडं नेसून आलीस. मला हवी होतीस तशी आलीस. मोटार सुटल्यावर मी मागे बघितलं तर इतर बायकांत तू कुठली ते मला पटकन ओळखता आलं नाही. घरही मुकं झालं होतं. तू मागे येऊन उभी राहिलीस तरी कळायचं नाही, मी दचकायचे, आणि तू म्हणायचीस, मीच आहे गं.

बा गेला तो त्या हिवाळ्यानंतर सातव्या वर्षी. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत गेला. मी यवतमाळहून आले तेव्हा बायका जमल्या होत्या. नायकाच्या डोकरीला तोवर दिसेनासं झालं होतं. रीत तिने करायची म्हणून तिला धरून आणून तुझ्यापुढे बसवलं. तिने तुझा हात हातात घेतला, मनगटावरून बोटं वर नेली, कोपराच्या वर नेली, आणि तिथे काही नव्हतं. ती म्हातारी तो उघडा दंड चाचपत राहिली, खालून वर, वरून खाली, विसरून गेली होती बिचारी. तू म्हणालीस, "मागंच देऊन टाकला, माय. आता काय देऊ?" रडलीही नाहीस तू. बायका सूर धरून बसल्या होत्या आणि तू त्यांच्यात कोरडी बसली होतीस. मी तुला आत नेलं, पाणी दिलं, म्हटलं, रड गं थोडं, बरं वाटेल. तू म्हणालीस, "त्याच्यासाठी मी रडली ना तवाच. आता येतच नाही."

मी केलं ते एवढं आहे, याडी. बांगड्या गेल्या त्याचं नाही म्हणत मी. त्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांच्याच गेल्या असत्या, गेल्याही. पण तुझ्या नवऱ्याच्या मरणाला तुझ्याजवळ द्यायला काहीतरी असायला हवं होतं, आणि ते मी आधीच, एका शाळकरी लाजेपायी, पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायला लावलं. तुकडे तू जपून ठेवले होतेस. तू गेल्यावर तुझ्या पेटीत ते फडकं सापडलं, त्यात तुकड्यांबरोबर माझं चौथीचं प्रगतिपुस्तक होतं. मी ते परत बांधून ठेवलं. नातीला दाखवायला परवा काढणार होते, काढलं नाही.

कधी कधी वाटतं, तुला माहीत होतं. गुरुजींच्या बायकोपुढे जिला 'तांड्यातली हाय' एवढं चटकन कळलं, तिला 'कमरेला देऊ' कळलं नसेल? तुला खोकला होता, ताप होता, बहिरी नव्हतीस. की तू ऐकलंस, आणि कानापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवलास? हे मी तुला विचारू शकले असते. अजूनही विचारते आहे असं समज.

आता हे पत्र घडी घालून त्या फडक्यातच ठेवणार आहे. पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही. तू हयात असतीस, शेजारच्या खोलीत असतीस, तरी तुला लिहिलेलं वाचता येत नव्हतं. हे पत्र मलाच तुझ्यापुढे बसून आपल्या बोलीत सांगावं लागलं असतं. मी सगळं नीट सांगितलं असतं, पंधरा ऑगस्ट, करवत, तुटकं शिंग. मग नर्सबाईच्या वाक्याशी आले असते. तू माझ्या तोंडाकडे बघत विचारलं असतंस, कांयी कच? आणि मी पुन्हा म्हटलं असतं, बाई म्हणते, चूडो कापावा लागेल.